आप्पांची वार्षिक सभा

शिरूरच्या माझ्या दवाखान्यात नवा पेशंट आला की तो आधी माझ्या टेबलाकडे बघतो. टेबलावर सुई नाही, बाटली नाही. मग तो भिंतीकडे बघतो. भिंतीवर दोरी, कप्पी आणि उभा आरसा. मग दबक्या आवाजात विचारतो, "मॅडम, सुई द्यायला कोण येतं?"

कुणीच येत नाही, असं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. त्यात मी त्यालाच कामाला लावते. पाय उचला, धरून ठेवा, सोडा, परत उचला. डॉक्टरकडे जायचं आणि घाम आपणच गाळायचा, ही पद्धत आमच्या भागात अजून पुरती रुजलेली नाही. मी मात्र माझ्या धंद्याची ऋणी आहे. आजोबांपर्यंत मेंढरांमागे हिंडणारं आमचं घर. वडिलांचं नगर रस्त्यावर पंक्चरचं दुकान. त्या घरातली मी पहिली पदवीधर. दारावर माझ्या नावाची पाटी लागली तेव्हा वडील समोरच्या टपरीवर बसून तासभर ती वाचत होते. पाटीवर दोनच ओळी होत्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं एमबीबीएस थोडक्यात हुकलं, असं आई सगळ्यांना सांगायची. थोडक्यात म्हणजे कितीने, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मीही नाही. पुण्यात फिजिओथेरपीला नंबर लागला. तिथे काय शिकवतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. प्रवेश घेताना मलाही नव्हतं. आमचा विभाग हॉस्पिटलच्या तळघरात. वरच्या मजल्यांवरचे भावी डॉक्टर आम्हाला मालिशवाले म्हणायचे, आणि पाठ धरली की तेच गुपचूप जिना उतरून खाली यायचे.

वर्गातल्या बहुतेक मुली पुण्या-मुंबईच्या, इंग्रजी शाळेतल्या. मी मराठी शाळेतली. पहिलं वर्ष डिक्शनरीत गेलं. एका पानाला एक संध्याकाळ. तोंडी परीक्षेत मला स्नायूचं नाव यायचं, तो कुठून कुठे जातो हेही यायचं, पण वाक्याला क्रियापद सापडायचं नाही. वॉर्डात मात्र दिवस माझे असत. माझी मैत्रीण एखाद्या म्हाताऱ्याला म्हणायची, "आजोबा, गुडघा फ्लेक्स करा." आजोबा तिच्याकडे नुसते बघत राहायचे. मग मी पुढे होऊन सांगायची, "आबा, मांडी घालताना दुमडता तसा दुमडा." लगेच दुमडायचा. पुढे परीक्षा आली की अर्धा वर्ग माझ्याकडे मराठी शिकायला बसायचा.

सुट्टीत घरी आले की घरच्यांचे सांधे मोजायचे. कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी घेऊन मी वडिलांच्या दुकानात उभी राहायची. "दादा, हात वर करा. एकशेऐंशी अंश."

"पास का?" वडील विचारायचे.

"पास."

मग हात खाली घेऊन ते ट्रकचं चाक खोलायला लागायचे. गिऱ्हाईकं म्हणायची, पोरगी शिकती काय नेमकं? वडील सांगायचे, "माणसाचं अलाइनमेंट." इतकी नेमकी व्याख्या मला आमच्या एकाही पुस्तकात सापडली नाही.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हा जूनमध्ये निरोप आला, आप्पांना अर्धांगवायू झाला. आप्पा म्हणजे माझे सख्खे मामा. सगळं गाव आप्पा म्हणतं म्हणून मीही आप्पाच म्हणायची. गाव दौंडपासून दहा-बारा किलोमीटरवर. आप्पा तिथल्या दूध सोसायटीचे अकरा वर्षं चेअरमन. दौंडच्या दवाखान्यात दहा दिवस काढून त्यांना घरी आणलं होतं. उजवा हात, उजवा पाय गेलेला. बोलणं शाबूत, जरा जड. माझा मामेभाऊ दत्तादादा म्हणाला, "आता आपली घरची डॉक्टर हाय. बाहेर कशाला जायचं?"

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं आणि त्याच क्षणी आनंदही झाला. त्या वर्षी आम्हाला एक पेशंट निवडून पूर्ण केस मांडायची होती. इतरांना वॉर्डात केस शोधत फिरावं लागणार होतं. माझी केस घरात होती.

दर शनिवारी दुपारी पुण्याहून दौंडची गाडी पकडायची, स्टेशनबाहेर वडापच्या जीपमध्ये चौदावी म्हणून बसायचं, आणि रविवारी संध्याकाळी परत. पहिल्या शनिवारी पोचले तर आप्पा ओसरीवर खाटेत, आणि अंगणभर चपला. भेटायला आलेले लोक. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे कर्तव्य आहे, आणि तिथे बसून आपल्या नात्यातल्या तशाच आजारी माणसाची गोष्ट सांगणं हे त्याहून मोठं. "आमच्या साडूचं बी असंच झालं व्हतं. दोन महिनं काढलं बिचाऱ्यानं." आप्पा ऐकून घ्यायचे. सून घास भरवायची, पोरगा कूस बदलायचा, मामी पंखा घालायची. आप्पांना स्वतः काही करायला लागू नये म्हणून सगळं घर राबत होतं.

आणि माझं शिक्षण नेमकं याच्या उलट होतं. अर्धांगवायूत स्नायू मेलेले नसतात. मेंदूतून येणारा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. नवी वाट तयार व्हायची तर माणसाने स्वतः हालचाल करायला लागते, हजारदा, आणि तीही पहिल्या काही महिन्यांत. मी सगळ्यांना सांगितलं, आप्पांना भरवायचं नाही. उठवायचं नाही. पाण्याचा तांब्या हाताशी नाही, लांब ठेवायचा.

धाकट्या मामांची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "शिकून काळीज दगडाचं झालं पोरीचं."

दुसऱ्या रविवारी मी आप्पांना खुर्चीत बसवलं. पाटसहून आलेल्या पाहुण्यांनी ते बघितलं, चहा घेतला आणि निघताना मामीला म्हणाले, "आप्पा तर बरंच हायती. आमी उगाच एवढ्या लांबनं आलो."

पण खरी अडचण वेगळीच निघाली. मी पायाला हात लावायला गेले, तर आप्पांनी डाव्या पायाने उजवा पाय मागे ओढला.

"पायाला हात लावू नको, सुमन."

"आप्पा, त्याशिवाय कसं होणार?"

"भाची हायेस तू. तुझ्या मी पाया पडायचं. तुझ्या हातात पाय देऊ? वर गेल्यावर काय सांगू?"

आमच्या समाजात भाचीचं स्थान हे असं. मामा तिच्या पाया पडतो, ती मामाच्या नाही. आमच्या जाड पुस्तकात कोणता व्यायाम कुणाला द्यायचा नाही याची दोन पानी यादी होती. त्यात भाची नव्हती.

शेवटी मी दोन हात लांब बसून सांगायचं आणि मामीने करायचं, असं ठरलं. मामीने चाळीस वर्षं म्हशी हाताळल्या होत्या. तिची पकड आमच्या प्रोफेसरांपेक्षा चांगली होती.

"मामी, टाच धरा. आता त्यांना म्हणा, माझ्या हाताला ढकला."

"ढकला म्हणती ती. ढकला की! भाजी आवडली न्हाई म्हंजी ताट ढकलता, तवा बरा जोर येतो."

आप्पांनी रागाने ढकललं. मी वहीत लिहिलं, ताकदीत सुधारणा.

आयुष्यात पहिल्यांदा आप्पा बायकोचे हुकूम ऐकत होते, आणि ते बघायला सुना काही ना काही निमित्त काढून ओसरीवर यायच्या.

आमच्या मॅडम सांगायच्या, उपचाराचं उद्दिष्ट आपण ठरवायचं नाही, पेशंटला विचारायचं. मी आप्पांना विचारलं, "तुम्हाला काय जमलं पाहिजे?"

"सप्टेंबरात सोसायटीची सभा हाय. चालत जायचंय. काठी न्हाई. कुणी धरायचं न्हाई."

यामागे सोपानराव होते. सोसायटीचे व्हाइस चेअरमन. आप्पांच्याच वयाचे, एकाच तालमीत वाढलेले, आणि गेली वीस वर्षं एकमेकांचे विरोधक. आप्पा पडल्यापासून सोपानराव गावच्या प्रत्येक हॉटेलात चहा पिता पिता मोठ्या मायेने म्हणत होते, "आप्पाला आता आराम करू द्या. किती दिवस राबवून घ्यायचा माणूस?" या मायेने आप्पांची झोप उडाली होती. सभेला ते उभे दिसले नाहीत तर खुर्ची जाणार, हे घरातल्या लहान पोरालाही कळत होतं. मी केसच्या वहीत इंग्रजीत लिहिलं, पेशंटला समाजात पुन्हा मिसळायचं आहे. मिसळायचं कसलं, त्यांना सोपानरावांची जिरवायची होती.

मग मी कामाला लागले. दत्तादादाने गोठ्यासमोर दोन लांब बांबू कमरेच्या उंचीवर समांतर बांधले, मधून धरून चालायला. कॉलेजात हेच लोखंडी असतं. आप्पांचं उजवं पाऊल पुढून लोंबायचं, चालताना अंगठा अडकायचा. त्यासाठी वडिलांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली. एक टोक चपलेला, एक गुडघ्याखाली. वरून धोतर. दिसायचं काही नाही. हाताकडे मात्र लक्ष द्यायचं राहिलं. पाय आधी सुधारतो, हात मागे पडतो, म्हणून हातावर जास्त मेहनत लागते, हे मला पाठ होतं. पण पेशंटला सभेला चालत जायचं होतं, आणि विद्यार्थिनीला केस उभी करायची होती. हात पुढच्या शनिवारी बघू, असं आम्ही चौदा शनिवार म्हणालो. तो हात पुढे कधीच नीट उघडला नाही. माझ्या धंद्यातली ही पहिली चूक, आणि ती मी अजून मोजते.

एका रविवारी टेप घेऊन मी सोसायटीवर गेले. ऑफिस बंद होतं. जीप थांबते तिथून पायरीपर्यंतचं अंतर मोजलं. तीन पायऱ्या, प्रत्येकीची उंची मोजली. उंबरा मोजला. घरी येऊन विटा रचून तशाच तीन पायऱ्या केल्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी. जीपपासून पायरीपर्यंत आप्पांची एकोणीस पावलं होत होती. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते ती कशाचाही आधार न घेता चालले. मामी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. मला वाटलं, आता काही राहिलं नाही.

सभा गुरुवारी होती. मी मॅडमची परवानगी काढून आले. सभेत सगळे पुरुष, म्हणून मामी आणि मी सोसायटीच्या मागच्या खिडकीशी उभ्या राहिलो. जीप आली. आप्पा उतरले. दोन-तीन माणसं धरायला धावली, दत्तादादाने त्यांना मागे सारलं. एकोणीस पावलं. तीन पायऱ्या. उंबरा. आत शे-सव्वाशे माणूस उभं राहिलं. सोपानराव पुढेच होते. त्यांनी आप्पांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि "या चेअरमन" म्हणाले.

आणि मग मी खिडकीतून पहिल्यांदा ती खोली नीट बघितली.

खाली सतरंज्या. समोर पांढरी चादर घातलेली गादी, दोन लोड. खुर्ची नावाची वस्तू त्या खोलीत नव्हती.

मी आप्पांना खाटेवरून उठायला शिकवलं होतं, खुर्चीतून उठायला शिकवलं होतं, पायऱ्या शिकवल्या होत्या, कारण पुस्तकात एवढंच होतं. पुस्तक लिहिणारे साहेब लोक जमिनीवर बसत नसावेत. पण मी तर बसत होते. जमिनीवर बसून जेवले, जमिनीवर बसून बारावीचा अभ्यास केला. चार वर्षांच्या शिक्षणाने मला नेमकी जमीन विसरायला लावली होती. आणि आप्पांना, दत्तादादाला, मामीला तरी कसं सुचावं? खाली बसून उठणं ही शिकायची गोष्ट असते, हे धडधाकट माणसाच्या डोक्यात येत नाही.

आप्पांनी गादीकडे बघितलं. मग खिडकीकडे. सगळी सभा ते बसायची वाट बघत उभी होती. आप्पांनी डावा हात लोडाच्या दिशेने टाकला आणि अंग सोडून दिलं. ते बसणं नव्हतं, पडणंच होतं, पण गादी मऊ होती. लोकांना वाटलं, चेअरमन ऐटीत टेकले.

"बसलं गं बाई," मामी म्हणाली.

"मामी, ते उठणार कसे?"

मामीने माझ्याकडे बघितलं आणि खिडकीचा गज धरला.

आमच्याकडे अध्यक्ष उठल्याशिवाय सभा उठत नाही. एरवी ही सभा वीस मिनिटांत व्हायची. सेक्रेटरी विषय वाचणार, लोक "मंजूर" म्हणणार, शेवटी चिवडा-चहा. त्या दिवशीही पंधरा मिनिटांत शेवटचा विषय आला. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. अकरा वर्षांत या कलमाखाली कुणी तोंड उघडलं नव्हतं, कारण सेक्रेटरी ते वाचत असतानाच आप्पा उठायचे.

आप्पा म्हणाले, "बोला. कुणाला काय अडचण?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून एकजण भीतभीत म्हणाला, "आप्पा, फॅटचं मशिन बराबर दाखवत न्हाई."

"सविस्तर सांग. घाई न्हाई."

बांध फुटला. फॅटचं मशिन, पेंडेची पोती, न येणारा जनावरांचा डॉक्टर, रस्त्यावरचा खड्डा. आप्पा प्रत्येकाला परत विचारत होते, "आजून? दुसरी बाजू कुणाची हाय?" विरोधकांनाही बोलायला लावत होते. एक म्हातारा माझ्यापासून हातभर अंतरावर शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "आजारपणानं मानूस लई सुधारला."

तीन तास झाले. चहा दोनदा फिरला. मी खिडकीबाहेर उठवण्याच्या पद्धती आठवत होते. सुरक्षित पद्धत एकच. कुशीवर वळायचं, मग लहान मुलासारखं दोन्ही हात-गुडघ्यांवर यायचं, एक पाय पुढे रोवायचा आणि उठायचं. सव्वाशे माणसांदेखत आप्पा रांगणार नव्हते. दुसरी पद्धत म्हणजे दोघांनी काखेत धरून उचलणं. उजवा खांदा निखळला असता आणि चेअरमनकी तिथेच संपली असती.

पाच वाजत आले. गावातून म्हशींचं ओरडणं ऐकू यायला लागलं. धारांची वेळ झाली होती. माणसं चुळबुळत होती, पण आप्पा बसले होते. शेवटी सोपानरावच म्हणाले, "आप्पा, धारा काढायच्यात. आटपा आता."

आप्पा म्हणाले, "सभा संपली. तुमी सगळं व्हा म्होरं. मला सोपानरावाशी जरा बोलायचंय."

चेअरमन बसलेले असताना सभा उठली, असं गावात पहिल्यांदाच घडलं. लोक मागे बघत बघत बाहेर पडले. खोलीत दोघे उरले. सोपानराव उभे, आप्पा गादीवर.

"काय बोलायचंय?"

आप्पांनी डावा हात उजव्या मांडीवर ठेवला. सोपानरावांनी त्यांच्या पायाकडे बघितलं. धोतर सरकून ट्यूबची पट्टी दिसत होती.

"उठता येत न्हाई व्हय?"

"न्हाई."

सोपानराव दाराकडे निघाले. अंगणात सगळं गाव होतं. नुसती एक हाक मारायची होती. त्यांनी दार लावलं, आतून कडी घातली, आणि खिडकीपाशी आले.

"ए डॉक्टरीण, मागल्या दारानं आत ये. कसा उठवायचा सांग."

मामी आणि मी मागच्या दाराने आत गेलो. मी पद्धत सांगितली. रांगावं लागेल म्हटल्यावर आप्पांनी मान खाली घातली. सोपानराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर जनावरांच्या रोगांचा तक्ता होता. तो ते मन लावून वाचायला लागले.

आप्पा कुशीवर वळले. मामीने कंबर धरली. कसेबसे गुडघ्यांवर आले, पण उजवं पाऊल ठरेना, सारखं आत वळत होतं. ते कुणीतरी जमिनीवर घट्ट दाबून धरायला हवं होतं. मामीचे दोन्ही हात कमरेत होते. मी बसले आणि दोन्ही हातांनी आप्पांचा पाय धरला. या वेळी त्यांनी तो मागे ओढला नाही. "आता उठा," मी म्हणाले. ते उठले.

आप्पा धापा टाकत उभे होते.

"बघू का आता?" भिंतीकडे तोंड करूनच सोपानरावांनी विचारलं.

आप्पांनी डाव्या हाताने धोतर नीट केलं. "बघा."

दार उघडून दोघे बरोबर बाहेर आले. गावाने जे समजायचं ते समजून घेतलं. बंद दाराआड दोघांची मिटवामिटवी झाली. सोपानरावांची माणसं आठवड्यात त्यांच्यावर उलटली. आमच्या जिवावर राजकारण करतो आणि आत जाऊन विकला जातो, असं तोंडावर म्हणाली. पुढच्या निवडणुकीत आप्पा बिनविरोध आले आणि सोपानराव संचालकही राहिले नाहीत. एक वाक्य बोलले असते तर सगळं फिरलं असतं. ते बोलले नाहीत. आप्पाही बोलले नाहीत, आणि मीही. माझ्या केसला वर्गात पहिला नंबर मिळाला. मी मांडलं, एकोणीस पावलं, तीन पायऱ्या, कोणताही आधार नाही. सगळं खरं होतं. सभेबद्दल मॅडमनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सभा अपेक्षेपेक्षा जास्त चालली."

आप्पा जाऊन आता सहा वर्षं झाली. हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी सोपानरावांना फोन केला. ऐंशीच्या पुढे आहेत. म्हटलं, मामा, एवढ्या वर्षांनी ती सभेची गोष्ट लिहितेय, लोकांना कळू दे तुम्ही विकले गेला नव्हता. लिहू का?

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"लिही की," ते म्हणाले. "पर मला साक्षीला धरू नको. माझं तोंड भिंतीकडं व्हतं. मी काय बघितलंच न्हाई."